सगळ्यांना एक नियम, मला वेगळा : नव्या मुख्याध्यापकांपुढे काय करावं?

कृष्णाकाठ
नमस्कार. लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. ओळख पटू नये म्हणून गाव आणि शाळा सांगत नाही. तालुक्याच्या गावची, खाजगी संस्थेची अनुदानित माध्यमिक शाळा आहे. मी २००४ पासून इथे गणित शिकवते. दहावीची भूमिती कित्येक वर्षं माझ्याकडे होती.

जूनमध्ये संस्थेच्या दुसऱ्या शाखेतून नवे मुख्याध्यापक बदलून आले. सुरुवातीचे दिवस ठीक गेले. स्वातंत्र्यदिनानंतर त्यांचं माझ्याशी वागणं बदललं. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मी ज्या एसटीने येते ती कधीकधी उशिरा पोचते. त्याच गाडीने आमचे आणखी दोन शिक्षक येतात. मस्टरवर लेट मार्क पडतो तो माझ्या नावापुढे. टाचण वह्या, म्हणजे पाठांच्या पूर्वतयारीच्या वह्या, दर सोमवारी सगळ्यांच्याच जातात, पण 'नियोजन अपुरे', 'उद्दिष्टे अस्पष्ट' असे लाल शेरे माझ्याच वहीत येतात. मी टाचण जसं आधी लिहायचे तसंच आताही लिहिते, आणि आधीच्या मुख्याध्यापकांनी त्यावर एकही शेरा न मारता सह्या केल्या आहेत. पाठ निरीक्षणाला येतात, मागच्या बाकावर बसतात, तास अर्धा झाला की उठून जातात आणि लॉगबुकात, म्हणजे निरीक्षणाच्या नोंदवहीत, लिहितात, 'फलकलेखन अव्यवस्थित.' भूमितीच्या तासाला पूर्ण आकृती व्हायच्या आधीच उठून गेलेल्या माणसाने हे लिहावं, याचा मला फार त्रास झाला.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा वेळापत्रकात दहावी माझ्याकडे नव्हती. पाचवी-सहावी दिली. कारण विचारलं तर म्हणाले, "संस्थेचं धोरण आहे." सहावीची मुलं गोड आहेत, त्यांना शिकवायला मला आवडतं. पण दहावीची त्रिकोणमिती सुरू व्हायची होती. मुली मधल्या सुट्टीत येऊन विचारतात, "बाई, तुम्ही आम्हाला का सोडलंत?" त्यांना काय सांगू?

शिक्षक सभेत नाव न घेता बोलतात. "काही जणांना वाटतं, आपल्याशिवाय शाळा चालणार नाही." सगळे माझ्याकडे बघतात. सभेनंतर स्टाफरूममध्ये कुणी माझ्याशी धड बोलत नाही. ज्यांच्यासोबत इतकी वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला, त्या आता लवकर जेवून उठतात. मला वाटतं, साहेबांच्या रोषापेक्षा हे जास्त लागलंय.

घरी सांगतात, दुर्लक्ष कर, नोकरी आहे. पण पहाटे जाग येते ती याच विचाराने. मी काय करावं?

रानजाई
ताई, वाचून वाईट वाटलं. आधी एक सांगते, हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. एकाच गाडीतून उतरलेल्या तिघांपैकी एकालाच लेट मार्क मिळाला तर कुणालाही तेच वाटेल.

फळाखडू
मी स्वतः एका शाळेत मुख्याध्यापक आहे, त्यामुळे दुसरी बाजूही मांडतो. नवीन माणूस येतो तेव्हा कोण कसं आहे हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. बऱ्याचदा चुकीचं सांगितलेलं असतं. शाळेतली सर्वांत वजनदार शिक्षिका आपल्याला जुमानणार नाही ही भीतीही असते. हे समर्थन नाही. पण तुम्ही त्यांना एकटं भेटून शांतपणे विचारलंत का, की सर, माझ्या कामात नेमकं काय खटकतंय? कागद फिरायला लागले की माणूस माघार घेऊ शकत नाही. दार बंद करून झालेल्या बोलण्यात घेऊ शकतो.

कृष्णाकाठ
सर, विचारलं. नोव्हेंबरात केबिनमध्ये जाऊन विचारलं. त्यांनी संगणकावरून नजर काढली नाही. "मॅडम, मी सगळ्यांना सारखंच बघतो. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर तो तुमचा प्रश्न." एवढंच बोलले. मी पाच मिनिटं उभी होते, बसा म्हणाले नाहीत.

रातपाळी
मी स्टाफ नर्स आहे, सरकारी नाही, मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये. आमच्याकडे हेच ड्युटी रोस्टरमधून होतं. एका इन्चार्ज सिस्टरच्या काळात माझ्या नाइट संपतच नव्हत्या. सणाचा ऑफ मागितला की "स्टाफ कमी आहे", आणि त्याच दिवशी दुसरीचा ऑफ मंजूर. मेट्रनकडे रडत गेले तर त्यांनी विचारलं, पुरावा काय? माझ्याकडे काहीच नव्हतं, कारण रोस्टर महिना संपला की भिंतीवरून निघतं. मग दर महिन्याला रोस्टर लागलं की फोटो काढून ठेवायला लागले. पुढच्या वेळी फोटो एकाखाली एक मांडून दाखवले, कुणाच्याही विरोधात एक शब्द न बोलता. मेट्रननी पुढचं रोस्टर स्वतः तपासलं. ताई, मस्टर आणि वेळापत्रक तुमच्यासमोर रोज असतं. नोंद ठेवा.

पाटीपेन्सिल
कृष्णाकाठ, मी निवृत्त मुख्याध्यापिका आहे. बाई म्हणा, ताई म्हणा. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं.

कडक असणं आणि डाव धरणं यांतला फरक तुमच्या एकटीच्या कागदांवरून कधीच कळत नाही. तुमच्या वहीतला लाल शेरा हा नुसता शेरा असतो. शेजारच्या शिक्षकाच्या तशाच वहीत तो नाही, हे दिसलं की तो पक्षपात ठरतो. म्हणून एक साधी वही घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात काय घडलं आणि तारीख. दुसऱ्यात तीच गोष्ट इतरांच्या बाबतीत कशी झाली. तिसऱ्यात ते कशावरून कळलं : मस्टर, सूचना वही, वेळापत्रक, लॉगबुक. ऐकीव असेल तर तसं लिहा. 'मला वाटतं' या वहीत नको, त्यासाठी दुसरी वही करा. तीही लागते, ती घरी ठेवा.

रकाने भरताना तुमची एखादी तक्रार गळून पडेल. पडू द्या. ज्या उरतील त्या कुणाला खोडता येणार नाहीत.

आणि एक विचारते, नाराज होऊ नका. तुमच्या शाळेत पर्यवेक्षकाचं, म्हणजे मुख्याध्यापकांच्या हाताखालचं, पद कधी रिकामं होतंय?

कृष्णाकाठ
बाई, तुम्ही हे विचारलंत आणि मी हातातलं काम ठेवून दिलं. आमचे पर्यवेक्षक सर येत्या मे महिन्यात निवृत्त होतात. सेवाज्येष्ठता यादीत त्यांच्यानंतर माझं नाव आहे. माझ्यानंतर ज्यांचं आहे, ते मुख्याध्यापकांबरोबर आधीच्या शाखेत होते. हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, शपथेवर सांगते.

पाटीपेन्सिल
तसंच असेल असं मी म्हणत नाही. पण कागद तयार होत असतील तर ते कशासाठी, हे आधी तपासावं. पदोन्नती सेवाज्येष्ठतेने जाते, ती डावलायची तर 'सेवा असमाधानकारक' असं दाखवावं लागतं. लेट मार्क, टाचणावरचे शेरे, लॉगबुक. सुटे सुटे पाहिले तर किरकोळ आहेत. एका फाइलमध्ये लावले की त्यांचा अहवाल होतो.

चाकणकर
आमच्या कंपनीत असं झालं तेव्हा युनियनने औद्योगिक न्यायालयात तक्रार टाकली होती. १९७१ चा महाराष्ट्राचा कायदा आहे, अनुचित कामगार प्रथांचा. त्याच्या चौथ्या अनुसूचीत गुणवत्ता सोडून ठरावीक कामगारांना झुकतं माप देणं ही अनुचित प्रथा म्हटली आहे. दुष्ट हेतूने बदली करणं हेही त्यात आहे. घटनेपासून ९० दिवसांच्या आत तक्रार करायची असते. ताई, तुम्ही पण टाका.

वकीलवाडी
चाकणकर यांचं कारखान्यातल्या कामगारांपुरतं बरोबर आहे, पण धागाकर्तीला तो रस्ता बंद आहे. त्या कायद्यातला 'कर्मचारी' म्हणजे आता रद्द झालेल्या औद्योगिक विवाद कायद्यातला 'कामगार', आणि शिक्षक त्या व्याख्येत बसत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये म्हटलं आहे. ते प्रकरण गोव्यातल्या एका शिक्षिकेचंच होतं.

तुम्हाला लागू आहे तो महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती विनियमन कायदा, १९७७, आणि त्याखालची १९८१ ची नियमावली. शाळेच्या कपाटात तिची प्रत असते, नसेल तर पुस्तकांच्या दुकानात मिळते. त्यातलं तुमच्या कामाचं सांगतो.

कलम ९ प्रमाणे शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, पण बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा पदोन्नतीत डावलणं एवढ्यासाठीच. मुदत ३० दिवस. म्हणजे दहावीचा वर्ग काढला किंवा लेट मार्क दिला म्हणून आज तिथे जाता येणार नाही. मे महिन्यानंतर पर्यवेक्षकपदी तुम्हाला डावलून कनिष्ठाला नेमलं, तर मात्र जाता येईल. आणि त्या दिवशी तुमचं आजचं प्रत्येक कागदपत्र कामाला येईल.

गोपनीय अहवालाचं, म्हणजे शिक्षकाच्या कामावर लिहिल्या जाणाऱ्या वार्षिक अहवालाचं, नियम १५ मध्ये आहे. प्रतिकूल शेरा असेल तर तो तुम्हाला लेखी कळवायला हवा आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी मिळायला हवी. न कळवता फाइलमध्ये ठेवलेला शेरा ऐनवेळी बाहेर काढला, तर त्याला आव्हान देता येतं. सरकारी सेवेपुरतं २००८ च्या देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. तिथे त्या अभियंत्याचा शेरा वाईट नव्हता, 'चांगला' होता. पण बढतीला 'फार चांगला' लागत होता आणि हा शेरा त्यांना कळवलाच नव्हता. न्यायालयाने म्हटलं, प्रत्येक शेरा कळवला पाहिजे. निकाल लागेपर्यंत ते निवृत्त झाले होते. म्हणून म्हणतो, वाट बघू नका, वेळेत कागद करा.

वर्गवाटप हा मुख्याध्यापकांचा अधिकार आहे. 'दहावी परत द्या' ही मागणी कायद्यात टिकणार नाही. मनाला कितीही लागलं तरी तक्रारीच्या केंद्रस्थानी ती ठेवू नका.

कृष्णाकाठ
शेवटचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं, पण पटलं. मनापासून आभार.

हिंजवडी_फेज३
आयटीत याला पीआयपी म्हणतात. तीन महिन्यांचं सुधारणा पत्रक हातात देतात आणि बऱ्याच वेळा निर्णय आधीच झालेला असतो. रेटिंग ठरवताना टीममधल्या कुणाला तरी खालच्या खान्यात टाकावंच लागतं, मग साहेब ज्याच्याशी पटत नाही त्याला टाकतो. माझा अनुभव असा, की तोंडी झालेलं प्रत्येक बोलणं त्याच दिवशी मेलने पाठवायचं : 'आज आपलं असं बोलणं झालं, माझ्या समजुतीत काही चूक असेल तर कळवा.' उत्तर आलं नाही तरी मेल राहतो. तुमच्याकडे मेल चालत नसेल तर पत्र.

मी शेवटी नोकरी बदलली. तुमच्यासारखी एवढी वर्षांची सेवा आणि पेन्शन असती तर बदलली नसती.

फळाखडू
वकीलसाहेबांनी नीट सांगितलं. मी माझ्या आधीच्या म्हणण्यात एक भर घालतो. ताई उभ्या असताना बसा न म्हणणं हे कुठल्याही मुख्याध्यापकाला शोभत नाही. माझ्या केबिनमध्ये शिपाईसुद्धा उभा राहत नाही.

तरीही संस्थेच्या सचिवांकडे जाण्याआधी मुख्याध्यापकांना एक लेखी पत्र द्या. वरच्याकडे थेट गेलात तर पहिला प्रश्न तोच येईल, 'यांना विचारलं होतं का?' पत्रात आरोप नको. 'माझ्या टाचणात नेमकी कोणती सुधारणा अपेक्षित आहे, त्याचा नमुना मिळावा. पाठ निरीक्षणानंतर चर्चेसाठी वेळ मिळावा.' एवढंच. निरीक्षणानंतर शिक्षकाशी चर्चा करणं हे मुख्याध्यापकाचं कामच आहे, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येणार नाही. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन पोच स्वतःकडे ठेवा. क्लार्क घ्यायला कचरला तर स्पीड पोस्टाने पाठवा.

सांजवात
एक विचारते. हे बाई म्हणून होतंय असं वाटतं का? बोलण्यात, नजरेत काही?

कृष्णाकाठ
नाही, तसं काही नाही. आमच्याकडे इतर महिला शिक्षिकांशी ते नीट वागतात. विचारलंत हे बरं केलंत.

सांजवात
मग ठीक. तसं असतं तर २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे जाता आलं असतं, म्हणून विचारलं. आता दुसरं सांगते, कारण यावर कुणी बोललं नाही. पहाटे जाग येणं, छातीत धडधड, शाळेच्या रस्त्याला लागलं की पोटात गोळा येणं, हे अंगावर काढू नका. मी यातून गेले आहे. सरकारची टेली मानस ही मदतवाहिनी आहे, १४४१६, मोफत, मराठीतही बोलतात. मी फोन केला होता तेव्हा पलीकडच्या बाईंनी फक्त ऐकून घेतलं, आणि त्या रात्री मी झोपले. घरच्यांना 'दुर्लक्ष कर' यापलीकडे काही सुचत नाही, कारण त्यांना आपल्या पगाराची काळजी असते आणि आपली पण असते. त्यांच्यावर रागावू नका.

स्टाफरूमबद्दल सांगते. त्या डबा घेऊन उठतात, त्या तुमच्या विरोधात आहेत म्हणून नाही. आपल्या नावापुढे लाल शाई येऊ नये म्हणून उठतात. हे कळल्याने एकटेपणा कमी होत नाही, माहीत आहे मला. पण त्यांतली एक तरी अशी असेल जी स्टँडवर, देवळात, बाजारात भेटली तर बोलेल. तिच्याशी संबंध तोडू नका.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. उशीर झाला लिहायला, कारण आधी वही भरायची होती.

बदली तास, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या जागी घ्यायचे तास, मलाच जास्त लावतात असंही मला वाटत होतं, पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. सूचना वही पाहून रकाने भरले तर ते जवळपास सगळ्यांना सारखे आहेत. बाई म्हणाल्या तसं ते कलम गळलं. पण लेट मार्क गळला नाही. आमच्या गाडीने येणाऱ्या तिघांची वेळ मस्टरवर एकच आहे आणि शेरा फक्त माझ्यापुढे आहे. लॉगबुकात या वर्षी माझ्या पाठांची निरीक्षणं वारंवार आहेत, गणित-विज्ञानाच्या दुसऱ्या एकाही शिक्षकाचं नाही. ज्यांचं नाव यादीत माझ्या खाली आहे त्यांचं तर अजिबात नाही. हे दिसल्यावर मला रडू आलं नाही. उलट हलकं वाटलं. गेले कित्येक महिने मी स्वतःलाच विचारत होते, की खरंच माझं शिकवणं बिघडलंय का?

फळाखडू सरांनी सांगितलं तसं पत्र दिलं. क्लार्कने आवक क्रमांक घातला. दोन दिवसांनी बोलावणं आलं. या वेळी बसा म्हणाले. पत्र हातात होतं. "हे लिहायची काय गरज होती, बोलायचं होतं." मी म्हटलं, "सर, बोलले होते." मग काही बोलले नाहीत. टाचणाचा नमुना अजून मिळालेला नाही. लेट मार्क मात्र गेल्या आठवड्यात गाडी उशिरा आली तेव्हा तिघांनाही पडला. मला त्याचा आनंद झाला नाही. माझ्यामुळे पडला असं त्या दोघांना वाटतंय, एकाने बोलूनही दाखवलं.

रातपाळी
ते वाटणारच. माझ्या वेळी पण तसंच झालं. महिन्याभरात निवळतं.

पाटीपेन्सिल
त्या दोघांना घेऊन आगार व्यवस्थापकांकडे अर्ज द्या, की शाळेच्या वेळेची गाडी वेळेवर सुटावी. तिघांच्या सह्यांनी द्या. त्या कामाने तुमचं बोलणं आपोआप सुरू होईल, आणि अर्जाची एक प्रत मुख्याध्यापकांनाही द्या.

वकीलवाडी
बाईंचा सल्ला सुंदर आहे. गाडी खरोखर उशिरा येते याचा तो लेखी पुरावाही होतो. पोच घ्या.

दुसरं, मस्टर आणि लॉगबुकाच्या नोंदी आज तुम्ही पाहिल्यात, पण प्रत तुमच्याकडे नाही. अनुदानित शाळा माहिती अधिकार कायद्यात येते. दहा रुपये शुल्क भरून त्या कालावधीच्या मस्टरच्या आणि लॉगबुकाच्या प्रती मागता येतात, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. शाळेत जन माहिती अधिकारी बहुधा मुख्याध्यापकच असतात, त्यामुळे अर्ज गेला की त्यांना कळणार. म्हणून आज लगेच टाका असं म्हणत नाही. वातावरण निवळत असेल तर थांबा, पण पर्यवेक्षकपदाची हालचाल दिसली की टाका. सेवाज्येष्ठता यादीची प्रत मात्र आत्ताच घ्या, ती तर सगळ्यांना फिरवायचीच असते.

कृष्णाकाठ
यादीची प्रत आहे माझ्याकडे, गेल्या वर्षीची, सहीची. या वर्षीची अजून फिरलेली नाही.

वकीलवाडी
मग 'चालू वर्षाची यादी प्रसिद्ध करावी' असं एक ओळीचं पत्र द्या. युनियनच्या म्हणजे तुमच्या शिक्षक संघटनेच्या तालुका अध्यक्षांनाही तोंडी कल्पना देऊन ठेवा.

कृष्णाकाठ
देते. शेवटचं एक विचारायचं होतं. काल पुन्हा पाठ निरीक्षण झालं, सहावीला, अपूर्णांक. या वेळी पूर्ण तास बसले. लॉगबुकात लिहिलं, 'विद्यार्थी सहभाग कमी.' मुलं फळ्यापाशी येऊन गणितं सोडवत होती, अर्धा वर्ग उभा होता. मला खाली सही करायला सांगितली. मी म्हटलं उद्या करते. सही केली तर ते मान्य केल्यासारखं होईल का? आणि नाही केली तर आज्ञाभंग?

पाटीपेन्सिल
सही करा, टाळू नका. सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा : 'नोंद वाचली. निरीक्षणाशी सहमत नाही. खुलासा स्वतंत्रपणे सादर करत आहे.' त्याखाली सही आणि तारीख. खुलाशात त्या तासाला किती मुलांनी फळ्यावर कोणतं गणित सोडवलं ते लिहा, उदाहरणाच्या क्रमांकासह. त्याच दिवशी आवक करा.